अकरा पायऱ्यांचा कागद

मी एक जुना कागद आहे. मित्रांनो, एवढं वाचून लगेच पान उलटू नका. जुन्या कागदाकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं, हे मलाही मान्य आहे. पण मला चौकट होती, काच होती आणि चार स्क्रू होते. माणसं ज्याला मान म्हणतात आणि कागद ज्याला कोंडी म्हणतात, ते दोन्ही मला एकाच दिवशी मिळालं.

माझा जन्म पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत झाला. प्रिंटरमधून बाहेर आलो तेव्हा मी कोमट होतो आणि जवळजवळ कोरा होतो. अंगावर फक्त तीन रकाने होते: कामाची पायरी, धोका, उपाय. त्यांच्याखाली चौदा रिकाम्या ओळी.

यामागची कल्पना फार चांगली होती. एखादं काम घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात माणूस कुठे चेंगरेल, कुठे भाजेल, कुठे घसरेल ते शोधायचं आणि तसं होऊ नये म्हणून काय करायचं ते शेजारी लिहायचं. कुणाला लागल्यावर शहाणपण सुचतंच. ते आधी सुचावं, एवढ्यासाठी माझा जन्म होता.

मला भरायचं काम सुरक्षासाहेबांकडे होतं. साहेब प्रामाणिक होते. काम नुसतं ऐकून लिहायचं नाही, डोळ्यांनी पाहून लिहायचं, असा त्यांचा नियम होता. लिहायच्या पाटीला मला चिमट्याने लावून ते पेस्टिंग मशीनपाशी गेले. या मशीनमध्ये एका बाजूने पुठ्ठा सरकवायचा, तो दोन रोलरांमधून जातो आणि खळ लागून दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. काम एवढंच. त्या मशीनवर जो माणूस होता त्याला सगळा कारखाना मामा म्हणायचा. त्यांची सख्खी भाची पॅकिंगला होती, ती त्यांना मामा म्हणे, म्हणून इतरही म्हणू लागले. तिचंही नाव मागे पडलं. मॅनेजरसुद्धा सांगायचे, "जरा भाचीला पाठवून द्या."

साहेब येणार हे मामांना आदल्या दिवशीच कळलं होतं. ते धुतलेला शर्ट घालून आले. एरवी वायरीला अडकवलेला असायचा तो चष्मा त्या दिवशी डोळ्यांवर होता. आणि पुठ्ठ्यांच्या ढिगातून त्यांनी कोरडे, सपाट, गुणी पुठ्ठे निवडून वेगळे काढून ठेवले होते. फोटो काढून घ्यायला उभं राहावं तसे ते मशीनपुढे उभे राहिले.

अर्धा तास काम झालं. एकही पुठ्ठा अडकला नाही. साहेबांनी अकरा पायऱ्या लिहिल्या. "खळ ओतणे: अंगावर सांडण्याची शक्यता: काळजी घ्यावी." "पुठ्ठा सरकवणे: कडेने बोट कापण्याची शक्यता: काळजी घ्यावी." उपायाच्या रकान्यात सात ठिकाणी काळजी घ्यावी आणि चार ठिकाणी दक्षता बाळगावी असं आलं. तेवढाच काय तो भाषेचा विलास.

"एवढंच ना मामा? काही राहिलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग मशीनच्या मागच्या बाजूला असलेल्या जाळीकडे पाहिलं. म्हणाले, "एवढंच साहेब."

तीन ओळी उरल्या होत्या. त्यात मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून साहेबांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारली. खाली मामांची सही घेतली. त्याच आठवड्यात मला चौकटीत बसवून मशीनच्या बरोबर समोरच्या भिंतीवर ठोकलं.

पहिल्या महिन्यात लोक माझ्यासमोर थांबून वाचायचे. माझ्या नकला निघून दुसऱ्या शाखांत गेल्या. साहेबांना बढती मिळाली. माझ्या शेजारी दुसरी एक पाटी आली: "अपघाताविना इतके दिवस". तिच्यावरचा आकडा रोज सकाळी खडूने बदलायचे. तिचा मला हेवा वाटायचा. ती रोज पुसली तरी जायची. मला काचेच्या आत धूळसुद्धा भेटायला येऊ शकत नव्हती. आलं ते एक चिलट. चौकट बसवतानाच ते आत सापडलं असावं. दोन दिवस इकडून तिकडे फिरलं आणि सातव्या पायरीवर येऊन कायमचं बसलं. पुढे कित्येक वर्षं लोक त्याला स्वल्पविराम समजत होते.

मला जे दिसायला नको होतं ते दिसलं भिंतीवरच्या पहिल्याच दिवशी.

साहेबांसाठी निवडलेले पुठ्ठे संपले होते. आता रोजचा गठ्ठा लागला. हा गठ्ठा मोरीजवळ ठेवायचे, कारण तिथे जागा होती. रोलर धुतल्याचं पाणी तिथेच वाहायचं आणि खालचे पुठ्ठे ओलसर व्हायचे. ओलसर पुठ्ठा रोलरमध्ये शिरला की मऊ पडतो, त्याची कड रोलरला गुंडाळते आणि मशीन गुरगुरायला लागतं. अशा वेळी लाल बटण दाबून मशीन बंद करायचं, ही माझी पाचवी पायरीच आहे. पण बंद केलं की रोलरवरची खळ वाळते. मग गरम पाणी आणा, रोलर घासा, पुन्हा खळ लावा. अर्धा तास गेला. दिवसातून सहा-सात वेळा पुठ्ठा अडकायचा. हिशेब तुम्हीच करा.

मामा बटणाकडे गेले नाहीत. मागे जाऊन त्यांनी जाळी उचलली, चालू मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घातला, पुठ्ठ्याचा कोपरा धरून हिसका दिला आणि हात बाहेर काढला. सगळं मिळून तीन सेकंद. जाळी खाली सोडून ते शर्टाला हात पुसत पुढे आले.

ही बारावी पायरी. माझ्यावर तिच्यासाठी जागा होती. आणि त्या जागेवर रेघ होती.

मित्रांनो, तुम्हाला वर्गात उत्तर येत असताना कुणी तोंडावर हात ठेवला आहे का? तसा हात माझ्या तोंडावर नऊ वर्षं होता. मी समोर टांगलेलो, ते समोर हात घालताहेत, आणि माझ्या अंगावर त्यांच्याच सहीने लिहिलेलं की असलं काही इथे होत नाही. दिवसाला सहा वेळा, कधी सात. तपासणीला येणारे पाहुणे माझ्याकडे पाहून मान डोलावत, "छान आहे, स्वच्छ आहे" म्हणत. त्यांच्या पाठीमागे जाळी उचलली जाई आणि पडे. जाळी पडल्याचा आवाज ऐकून एक पाहुणे म्हणाले होते, "मशीन जोरात चाललंय हं." सुपरवायझर म्हणाले, "मामांचा हात फिरतो ना त्याच्यावरून."

मामांना आपण काही वावगं करतो असं वाटत नव्हतं. त्यांना ते कसब वाटायचं, आणि होतंही. नऊ वर्षांत त्यांच्या नखालाही धक्का लागला नाही.

मग मामांची निवृत्ती पंधरा दिवसांवर आली आणि त्यांच्या जागी भाचीला घ्यायचं ठरलं. मामांनीच शब्द टाकला होता. पॅकिंगपेक्षा मशीनवर पगार बरा, शिवाय बसायला स्टूल. तिला शिकवायचं कामही अर्थातच त्यांच्याकडे आलं.

त्यांनी शिकवलं फार नीट. अकरा पायऱ्या तिच्याकडून पाठ करून घेतल्या. पण पुठ्ठा अडकला की ते म्हणायचे, "जा ग, जरा पाणी घेऊन ये." ती पाणी घेऊन येईपर्यंत मशीन सुरळीत चालू झालेलं असायचं. पहिल्या दिवशी मामा सात वेळा पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खेपेला ती रिकाम्या हाताने अर्ध्या वाटेतून परत आली आणि मामांना जाळीत हात घालताना तिने पाहिलं.

"मामा, हे कागदावर कुठे आहे?"

"ते कागदावर नसतं."

"मग मला शिकवा."

"तुला नको."

"मला नको तर मग अडकलं की मी काय करू? तुम्हाला घरून बोलावू?"

"बटण दाब. कागदावर आहे ना, बटण दाबा म्हणून."

"तुम्ही एकदा तरी दाबलंत?"

मामांनी वायरीवरचा चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

त्यांची अडचण मला काचेतून स्पष्ट दिसत होती. शिकवावं तर पोरीचा हात त्या फटीत जातो. न शिकवावं तर तिच्या हातून निम्मा माल निघणार नाही, सुपरवायझर बोलणार, आणि ती स्वतःच कधीतरी हात घालून बघणार. साहेबांना सांगावं, तर नऊ वर्षांपूर्वी "एवढंच साहेब" म्हणून सही कुणी केली होती? निरोप समारंभ ठरलेला, मानचिन्ह बनायला दिलेलं, त्याच्यावर "नऊ वर्षे, शून्य अपघात" असं कोरायला सांगितलेलं. मला वाटायचं, कोंडलेला मी एकटाच आहे. तसं नव्हतं. मामांची चौकट जरा मोठी होती, एवढंच.

चौथ्या दिवशी मामा जेवायला गेले असताना पुठ्ठा अडकला.

भाचीने बटणाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग लांब उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे. आणि मागे जाऊन तिने जाळी उचलली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला माहीत होती, पण मामांनाही माहीत नव्हती. मामा डावखुरे. ज्या बाजूने तिथे हात घालावा लागतो त्या बाजूने डावा हात सरळ आत जातो, पुठ्ठ्याच्या चालीबरोबर. भाची उजव्या हाताची. उजवा हात घालायचा तर तिथे अंग पिळावं लागतं, आणि मनगट रोलरकडे झुकतं. मामांच्या कसबातलं अर्धं कसब त्यांच्या जन्माबरोबर आलं होतं आणि ते कुणाला शिकवता येण्यासारखं नव्हतं. हेच शोधून काढायला मला छापलं होतं.

तिचा हात आत गेला. पुठ्ठा सुटला. आणि रोलरने तिच्या हातमोज्याचं टोक धरलं.

हातमोजा दोन माप मोठा होता. कारखान्यात बायकांच्या मापाचे हातमोजे कधी आलेच नव्हते. त्या गैरसोयीने तिचा हात वाचवला. ती मागे कोसळली आणि हातमोजा एकटाच आत गेला. दुसऱ्या बाजूने पुठ्ठा बाहेर आला. त्याच्यावर हातमोजा चिकटला होता. पाची बोटं पसरलेली, सपाट, सगळीकडे सारखी खळ लागलेली. काम अगदी स्वच्छ झालं होतं.

मामा डबा हातात घेऊन आले ते नेमके पुठ्ठे बाहेर येतात तिथेच. त्यांनी तो पुठ्ठा उचलला. मग भाचीकडे गेले, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट मोजल्यासारखं दाबून पाहिलं.

"काही झालं नाही," भाची म्हणाली. कारखान्यात ती मामांना तुम्ही म्हणायची, पण त्या वेळी तिचं भान राहिलं नाही. "तू करतोस तसंच केलं रे मी. अगदी तसंच."

"माहीत आहे," मामा म्हणाले.

कचेरीत कुणी काही कळवलं नाही. पाटीवरचा आकडा दुसऱ्या सकाळी एकाने वाढला.

माणूस बदलला की कामाची पाहणी पुन्हा करायची, असा नियम होता. त्यामुळे आठवड्याने साहेब आले. केस पिकले होते, हातातली चिमट्याची पाटी तीच होती. माझी एक कोरी नक्कल तिला लावून आणली होती.

"मामा, काम तर तेच आहे. मी जुन्यावरून उतरवून घेतो. तुम्ही नजर टाका, भाची सही करेल, तुम्ही करा, झालं."

"पाहून लिहायचं असतं ना साहेब?"

"आपण पाहिलेलंच आहे की."

तरी मामांच्या शब्दासाठी साहेब थांबले. सुपरवायझरने कोरडे, सपाट पुठ्ठे आधीच काढून ठेवले होते; त्यांनाही आता ही पद्धत ठाऊक होती. भाचीने काम सुरू केलं. पुठ्ठे सुळसुळत जात होते. साहेब माझ्याकडे पाहून उतरवत होते: काळजी घ्यावी, काळजी घ्यावी. सातव्या पायरीवरचं चिलटसुद्धा त्यांनी स्वल्पविराम म्हणून उतरवलं. शेवटी त्यांनी पट्टी काढली, तिरकी रेघ मारायला.

"थांबा साहेब," मामा म्हणाले. "मोरीजवळचा गठ्ठा लावतो."

सुपरवायझर पुढे आले. "आज तो कशाला मामा? चांगला माल आहे ना समोर."

"रोज तोच असतो."

"अहो, पण आज..."

"आज साहेब आहेत, म्हणूनच."

मामांनी स्वतः तो गठ्ठा उचलून आणला. चौथाच पुठ्ठा अडकला. मशीन गुरगुरलं. भाचीने जाळीकडे पाहिलं, आणि मामांनी लाल बटण दाबलं.

मित्रांनो, नऊ वर्षांत कामाच्या वेळात ते मशीन बंद झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शेडभर शांतता पसरली. बाजूच्या मशीनवरचे लोक माना वळवून पाहू लागले.

"खळ वाळेल," सुपरवायझर म्हणाले.

"वाळू दे," मामा म्हणाले. "साहेब, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं होतं, काही राहिलं का. राहिलं होतं." बंद मशीनची जाळी उचलून त्यांनी डावा हात कोपरापर्यंत आत घातला. "मी हे करतो. मशीन चालू असताना. दिवसातून सहा-सात वेळा. मागच्या आठवड्यात हिने केलं. हिचा हातमोजा गेला. मोजा लहान असता तर आज पाहणीला ही नसती."

साहेबांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी तेव्हा अर्धा तास इथे उभा होतो. मी काय पाहत होतो मग?"

"तुम्ही मला पाहत होता. मी तुम्हाला दाखवत होतो."

साहेबांनी एक गोष्ट केली जी मी कधी विसरणार नाही. त्यांनी खिशातल्या किल्ल्यांपैकी एका किल्लीच्या टोकाने माझे चारही स्क्रू काढले, काच बाजूला केली आणि मला बाहेर घेतलं. चिलट गळून पडलं. कितीतरी वर्षांनी अंगाला हवा लागली. त्यात खळीचा आंबूस वास होता. मला तो फार आवडला. मला स्टुलावर ठेवून साहेबांनी आपल्याच तिरक्या रेघेवर लिहायला सुरुवात केली.

"का अडकतो?"

"गठ्ठा ओला असतो."

"ओला का होतो?"

"मोरीजवळ ठेवतात."

"तिथे का ठेवतात?"

मामांनी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरनी छताकडे पाहिलं. "जागा आहे तिथे," ते म्हणाले. "पहिल्यापासून तिथेच ठेवतात."

गठ्ठा पलीकडच्या भिंतीशी, लाकडी फळ्यांवर ठेवायचा असं ठरलं. तिथवर पंधरा पावलं होती. जाळीला एक खटका बसवायचा, म्हणजे ती उचलली की मशीन आपोआप बंद पडेल. आणि भाचीच्या मापाचे हातमोजे आणायचे, रोलरपासून लांबच्या कामांसाठी. मशीन चालू असताना रोलरजवळ हातमोजाच घालायचा नाही. उपायाच्या रकान्यात त्या ओळीवर काळजी घ्यावी हे शब्द आले नाहीत. मला तर आपली इयत्ता वाढल्यासारखं वाटलं.

सगळं गोडच झालं असं मात्र समजू नका. निवृत्तीला दोन दिवस राहिले असताना मामांना खोटी माहिती दिल्याबद्दल पत्र मिळालं, आणि साहेबांनाही एक मिळालं. मानचिन्ह रद्द झालं. निरोप समारंभात सुपरवायझर दोन वाक्यं बोलले. त्यातलं एक चहाबद्दल होतं. मामांनी मशीनला हात लावला, भाचीच्या डोक्याला हात लावला आणि ते गेले.

आणि मी? माझ्यावरून साहेबांनी स्वच्छ नवा कागद तयार केला, बारा पायऱ्यांचा. तो चौकटीत बसवताना थोडा सैल बसत होता, म्हणून मला त्याच्या मागे पॅकिंग म्हणून घातलं. काच पुन्हा लागली, चारही स्क्रू पुन्हा आवळले. पुढे नवा कागद, मागे पुठ्ठा, मध्ये मी. आता मला दिसतही नाही. फक्त ऐकू येतं.

फळ्यांवर ठेवूनही गठ्ठ्यातला एखादा पुठ्ठा दमट निघतोच. मग मशीन गुरगुरतं. त्या क्षणी माझा सगळा जीव गोळा होतो, कारण पुढे काय होणार ते मला दिसत नाही. जाळीचा आवाज येणार की बटणाचा? खटका आहे, पण खटक्याला कागद खोचून तो निकामी करता येतो; मी कागद आहे, मला हे माहीत असणारच. आजवर दर वेळी बटणाचाच आवाज आला आहे. मशीन थांबतं. सुपरवायझर लांबून विचारतात, "पुन्हा?" आणि भाची म्हणते, "पुन्हा." मग बादलीत गरम पाणी ओतल्याचा आवाज येतो, आणि ती रोलर घासू लागते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. कुणी तुम्हाला विचारलं की तुम्ही हे काम कसं करता, तर पाहुण्यांसमोर करता तसं सांगू नका. कंटाळलेले असता, उशीर झालेला असतो, कुणी पाहत नसतं, तेव्हा कसं करता ते सांगा. आणि लिहिणारे तुम्ही असाल तर रिकाम्या ओळींवर रेघ मारण्याआधी थोडं थांबा. समोरचा माणूस चष्मा पुसत असेल, तर त्याचं पुसून होईपर्यंत थांबा.